बैलाचे शिंग आणि कुत्र्याची मांडी : मराठवाड्यातील पशुशल्यचिकित्सेचा पूर्वेतिहास

जनावरांवर शस्त्राने उपचार करण्याची विद्या, म्हणजे पशुशल्यचिकित्सा, भारतात नवी नाही. पालकाप्याच्या नावावर असलेल्या ‘हस्त्यायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथाच्या चार विभागांपैकी एक संपूर्ण विभाग शल्याला दिलेला आहे आणि शालिहोत्राच्या परंपरेतला सालोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, फौजांच्या तळावर नित्याचा असे. मात्र हत्ती राजाचा, घोडा फौजेचा आणि बैल शेतकऱ्याचा होता, म्हणून त्यांच्यासाठी शस्त्र उचलले गेले. दारातल्या कुत्र्या-मांजरांसाठी ते उचलावे असे फार काळ कोणाला वाटले नाही. गारखेड्यासारख्या, मुळात खेडे असलेल्या आणि आता छत्रपती संभाजीनगरच्या दाट वस्तीत मिसळून गेलेल्या भागात आज कुत्र्याच्या मोडलेल्या मांडीत पोलादी सळई बसवली जाते, ती या दीर्घ क्रमाची अगदी अलीकडची पायरी आहे.

हे शहर 1948 पर्यंत ज्या संस्थानात होते, त्या हैदराबादच्या राजधानीत कुत्रा शल्यविद्येच्या संदर्भात ठळकपणे पुढे आला, पण तो रुग्ण म्हणून नव्हे. 1847 मध्ये एडिंबरोत सिम्प्सनने प्रचारात आणलेल्या क्लोरोफॉर्मने रुग्ण बेशुद्ध होई, परंतु काही रुग्ण टेबलावरच दगावत, आणि अशा वेळी आधी श्वास थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की श्वासच आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष ठेवावे. हे सिद्ध करण्यासाठी 1888 मध्ये नेमलेल्या पहिल्या क्लोरोफॉर्म आयोगाने मुख्यतः कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे निष्कर्ष मान्य केले नाहीत, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि 1889 च्या दुसऱ्या आयोगासाठी लॉडर ब्रंटन हे शास्त्रज्ञ इंग्लंडहून हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांचा बळी घेऊन निघालेला निर्णय लॉरींच्या बाजूचा होता. पुढे 1911 च्या सुमारास लेव्ही यांनी इंग्लंडमध्ये मांजरांवर दाखवून दिले की भूल हलकी असताना हृदयाचे ठोके विस्कटून ते अचानक बंद पडू शकते, आणि लॉरींचा सिद्धान्त डळमळला. माणसाची भूल सुरक्षित व्हावी म्हणून एवढी कुत्री-मांजरे खर्ची पडली, पण त्यांच्या स्वतःच्या दुखण्यासाठी तीच भूल वापरण्याचा विचार या वादात कुठेच नव्हता, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

मुंबईत चित्र थोडे निराळे होते. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून तेथे 1832 मध्ये दंगल झाली, 1834 मध्ये पांजरपोळ निघाली, आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, त्याच्या आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

मराठवाड्यात मात्र बैल हाच मुख्य रुग्ण राहिला. गावोगावी दुखऱ्या अवयवाला तापलेल्या लोखंडाचा डाग देत आणि गोऱ्हे कामाला जुंपण्याआधी बडवत, म्हणजे वृषणाच्या शिरा ठेचून त्यांना खच्ची करत. कातडी न फाडता या शिरा दाबणारा बर्डिझो चिमटा आल्यावर हे काम दवाखान्यात होऊ लागले. त्याहून अवघड शस्त्रक्रिया शिंगाच्या कर्करोगाची: शिंगाच्या पोकळीत सुरू होणारा हा रोग भारतीय बैलांत विशेष आढळतो, त्यात शिंग एका बाजूला कलते, कधी नाकातून रक्त येते, आणि शिंगाच्या मज्जातंतूजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन ते मुळापासून कापावे लागते. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे त्यांच्याकडे गेले, आणि दुष्काळाच्या 1972 या वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ व पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. 2000 मध्ये नागपूरला स्वतंत्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याकडे आले.

चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी शहराचा विस्तार केला, बंगले व सोसायट्यांत कुत्री पाळली जाऊ लागली, आणि 1962 मध्ये तयार झालेली केटामीन व झायलाझीन ही औषधे इंजेक्शनने भूल देण्यासाठी उपयोगी पडल्यामुळे लहान दवाखान्यालाही शस्त्रक्रिया आवाक्यात आली. झायलाझीन गायी-बैलांना घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच पुरते, त्यामुळे एका प्राण्याचा अंदाज दुसऱ्याला लावणे धोक्याचे असते. 2001 च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण हा मार्ग ठरवला, 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, आणि अंडाशयासह गर्भाशय काढण्याची क्रिया पशुवैद्यांच्या सरावाची झाली. गर्भाशयात पू साचल्यावर पाळीव कुत्रीचा जीव वाचवतानाही हीच क्रिया करावी लागते.

म्हणजे कुत्रा टेबलावर आला तो आधी माणसासाठी, मग शहराच्या सोयीसाठी, आणि सर्वांत शेवटी स्वतःसाठी. खासगी दवाखान्यांत आज वायूची भूल, क्ष-किरण आणि अस्थिशस्त्रक्रिया आल्या असल्या, तरी पशुशल्यचिकित्सा शिकवणारे परभणीचे सरकारी महाविद्यालय गारखेड्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे.