आयर्लंड बेटावरील सीमापार शिक्षण

युनायटेड किंगडमचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक (‘दक्षिण’) यांच्यामधील सीमा ओलांडून शालेय शिक्षणानंतरच्या अभ्यासक्रमांसाठी होणारी विद्यार्थ्यांची ये-जा. १९२१ च्या फाळणीने आखलेली ही सीमा सुमारे ५०० किमी. लांब आहे. आज तिच्यावर पासपोर्टची तपासणी होत नाही.

फाळणीनंतरही शिक्षणातले जुने संबंध बराच काळ टिकले. डेरीचे मॅगी कॉलेज (स्थापना १८६५) उत्तरेत राहिले, पण तिथले विद्यार्थी पुढचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात घेऊन तिथलीच पदवी मिळवत. ही व्यवस्था १९६० च्या दशकापर्यंत चालली. डेरीचेच जॉन ह्यूम दक्षिणेतील मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात शिकले. पुढे १९९८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना डेव्हिड ट्रिंबल यांच्यासह मिळाले. १९६५ मध्ये लॉकवुड समितीने उत्तरेतील नव्या विद्यापीठासाठी डेरीला डावलून कोलरेनची शिफारस केली, तेव्हा झालेल्या आंदोलनात ह्यूम आघाडीवर होते. त्या निर्णयाने सीमेलगतच्या वायव्य भागावर अन्याय केला, आणि तिथून शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांची रीघ दीर्घकाळ थांबली नाही.

ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, सीमापार शिक्षणाचा मार्ग बंद होईल अशी धास्ती होती. मे २०१९ मध्ये ब्रिटन व आयर्लंडच्या सरकारांनी ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ या परस्पर मुक्त संचाराच्या व्यवस्थेविषयी सामंजस्य करार करून एकमेकांच्या नागरिकांचा शिक्षणाचा हक्क कायम ठेवला. त्यामुळे दक्षिणेतला विद्यार्थी बेलफास्टमध्ये स्थानिक दरानेच शुल्क भरतो, तर उत्तरेतल्या विद्यार्थ्याला दक्षिणेतील सरकारी शुल्कसवलत मिळू शकते.

तरीही ये-जा बेताचीच आहे. खरी अडचण प्रवेशपद्धतीत आहे. दक्षिणेत शाळेच्या अखेरीस होणाऱ्या ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ परीक्षेतील सर्वोत्तम सहा विषयांचे गुण धरतात. उच्च स्तरावरील गणिताच्या जादा २५ गुणांसह कमाल ६२५ होतात. उत्तरेतले विद्यार्थी ‘ए-लेव्हल’ या तिथल्या शालान्त परीक्षेला बहुधा तीनच विषय घेतात, आणि दक्षिणेची गुणपद्धती दीर्घकाळ अशी होती की चौथ्या विषयाशिवाय कमाल गुण गाठताच येत नसत. वैद्यकासारख्या चुरशीच्या शाखांत हुशार मुलेही त्यामुळे मागे पडत. अलीकडे काही विद्यापीठांनी ‘ए-लेव्हल’च्या गुणांचे रूपांतर करण्याची ही पद्धत सैल केली आहे. ते फार आधी व्हायला हवे होते. वेळापत्रकही जुळत नाही. ब्रिटिश पद्धतीत सशर्त प्रवेश उन्हाळ्याआधीच हातात असतो, तर दक्षिणेतील जागांचे वाटप निकालानंतर, ऑगस्टअखेरीस होते. तोवर उत्तरेतल्या मुलाने बहुधा दुसरीकडे खोलीसुद्धा घेतलेली असते.

डेरी आणि दक्षिणेतील लेटरकेनी ही शहरे एकमेकांपासून जेमतेम ३५ किमी.वर आहेत. लेटरकेनीची तंत्रसंस्था २०२२ पासून अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा भाग आहे. अल्स्टर विद्यापीठाच्या डेरीतील मॅगी संकुलातील नव्या इमारतीसाठी डब्लिन सरकारने २०२४ मध्ये ४.४५ कोटी युरो जाहीर केले. एका देशाने सीमेपलीकडच्या विद्यापीठाची इमारत बांधायला पैसा द्यावा, ही घटना दुर्मीळ आणि मोलाची आहे.

‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’तले शिक्षणाचे हक्क मात्र ब्रिटिश व आयरिश नागरिकांपुरते आहेत. बेलफास्ट किंवा डेरीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचा ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा दक्षिणेत शिकायला चालत नाही. सीमेवर कोणी अडवत नसले तरी दक्षिणेत जाण्याआधी आयर्लंडच्या व्हिसाचे नियम पाहून घ्यावेत.