उपसा, थांबा, परत बसवा

रॅकमध्ये पिवळा दिवा लुकलुकू लागला की डेटा सेंटरमधला मुरलेला माणूस आधी एकच सांगतो, "रीसीट करून बघ." खटका दाबून ब्लेड, म्हणजे पेटीत उभा सरकणारा पातळ सर्व्हर, बाहेर ओढायचं, अर्धा मिनिट थांबायचं, आणि टक्क आवाज येईपर्यंत परत आत ढकलायचं. गंमत म्हणजे पुष्कळदा याने काम होतं.

२००१ मध्ये टेक्सासच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीजने सव्वापाच इंच उंचीच्या पेटीत २४ ब्लेड्स उभी केली. तेवढ्या उंचीत पातळातले पातळ सर्व्हर तीनच मावत. ट्रान्समेटाचा क्रूसो प्रोसेसर फारसा तापत नसे, म्हणून हे जमलं. पुढच्या वर्षी आयबीएमचं ब्लेडसेंटर आलं. २००५ मध्ये एचपीने आरएलएक्स विकत घेतली आणि २००६ मध्ये सी-७००० ही पेटी आणली: १६ ब्लेड्स, ६ पॉवर सप्लाय, १० पंखे, सगळं सामाईक.

एकत्र कुटुंबात राहायचं तर विचारून वागावं लागतं. ब्लेड सुरू होण्याआधी वीज मागतं. पेटीतला ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा नियंत्रक ब्लेडवरच्या आयएलओ या देखरेखीच्या चिपशी बोलतो आणि मगच होकार देतो. दोघांच्या फर्मवेअरच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर हे बोलणं फिसकटू शकतं. ब्लेड धडधाकट, पण चालू होत नाही! नवखा मदरबोर्ड बदलायला निघतो, जाणता आधी आवृत्त्यांचा तक्ता उघडतो. रीसीटसाठी रात्री दोनला गाडी काढायची गरजही पुढे उरली नाही. दुरून दिलेल्या एका आज्ञेने त्या खणाची वीज मुळापासून तुटते, ब्लेड हाताने उपसल्यासारखी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने (एचपीच्या सर्व्हर व्यवसायाची नवी कंपनी) जे जाहीर केलं, त्यापुढे मात्र ही युक्ती थिटी होती. ब्लेडच्याच वंशातल्या सिनर्जीसकट अनेक यंत्रांतल्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास भरले की कायमच्या मरणार होत्या, आतल्या डेटासकट. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. चिन्हासह १६ बिटांत ३२,७६७ पर्यंतच मोजता येतं. त्याच्या नेमका पुढचा हा आकडा पाहून इंजिनिअरला वेगळं काही सांगावं लागत नाही.

एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेईल, हा रेड या डिस्क-मांडणीचा भरवसा. पण नव्या सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क एकाच दुपारी चालू होतात, त्यांचे तासही एकत्रच भरतात. वेळेआधी एचपीडी८ हे फर्मवेअर चढवणं एवढाच इलाज होता.

मार्च २०२० मध्ये आणखी काही मॉडेल्ससाठी तशीच सूचना निघाली, या खेपेला ४०,००० तासांची. त्यांचे तास ऑक्टोबरच्या आधी भरत नव्हते. टाळेबंदीतही सहा महिने हाताशी होते.