सातासमुद्रांपारची चांदी आणि हिंगोलीचा सराफा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधूचे पाणी पैनगंगेत, पैनगंगेचे वर्धेत आणि पुढे प्राणहितेतून गोदावरीत जाऊन शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. सागराशी या भूमीचे नाते म्हणावे तर एवढेच. तरीही वसमत, कळमनुरी वा सेनगावच्या एखाद्या घरात लक्ष्मीपूजनासाठी जपून ठेवलेला जुना रुपया हाती घेतला, तर त्यातील चांदीचा मोठा भाग कधीकाळी जहाजातून आला असावा, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्या देशात चांदीचे उत्पादन नगण्य होते. रुपया मात्र चांदीचा. मग ही चांदी आली कोठून?

तिचा माग काढीत गेलो की आपण आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगराशी जाऊन पोहोचतो. १५४५ मध्ये तेथे चांदीच्या शिरा सापडल्या. दोमिंगो दे सान्तो तोमास या डोमिनिकन धर्मगुरूंनी १५५० मध्येच स्पेनला कळविले होते, की हा डोंगर म्हणजे नरकाचे मुख आहे. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. १५७३ पासून व्हाइसरॉय तोलेदो यांनी ‘मिता’ नावाची वेठ पद्धतशीर लागू केली, आणि डोंगराळ प्रांतांतील सुमारे सातांतील एक पुरुष दरवर्षी आळीपाळीने खाणीत उतरू लागला. चांदी शुद्ध करण्यासाठी लागणारा पारा हुआंकावेलिकाहून येई. त्यानेही असंख्य जीव घेतले. या चांदीच्या लगडीचे तुकडे कापून, हातोड्याने ठोकून पाडलेली आठ रेआलची नाणी ओबडधोबड, वाकडीतिकडी असत. त्यांच्या एका बाजूस क्रूस आणि त्याच्या चार कोनांत किल्ले व सिंह. ज्या चिन्हापुढे आपण गुडघे टेकतो, ते चिन्ह वेठीच्या धातूवर उमटलेले पाहताना ख्रिस्ती संग्राहकाचे मन थोडे अस्वस्थ व्हावे, हे योग्यच.

ही नाणी सेव्हिल, लिस्बन, गोवा अशा मार्गाने येत. तशीच तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरातून सुरतेसही येत. मिरी, नीळ आणि कापड घ्यायचे तर युरोपीय व्यापाऱ्यापाशी चांदीवाचून दुसरे देण्याजोगे फारसे काही नव्हते. मोगल मुलखात परकीय नाणे चलन म्हणून चालत नसे. ते टांकसाळीत द्यायचे, आटवायचे आणि बादशाही छापाचे रुपये करून घ्यायचे. सुमारे २७ ग्रॅमच्या एका रेआल नाण्यात सव्वादोन रुपयांची चांदी निघे. सुरत, बऱ्हाणपूर, औरंगाबाद या वाटेने ते रुपये दख्खनच्या बाजारपेठांत उतरत. व्हेनिसचे सोन्याचे नाणे ‘पुतळी’ होऊन आपल्या स्त्रियांच्या गळ्यात टिकले. स्पॅनिश रेआल मात्र मुशीत गेले.

निजामी अमलात हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि याच फौजेच्या खर्चापायी निजामास १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. येथील व्यवहार हाली सिक्क्यात चाले. हा रुपया इंग्रजी रुपयाहून किंचित हलका, आणि त्यात चांदीही कमी. म्हणूनच १९५० मध्ये भारतीय चलन येथे लागू झाले तेव्हा सात हालीस सहा रुपये असा भाव ठरला. १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा बाद झाला. त्यानंतर किती नाणी पुन्हा मुशीत पडून तोडे आणि वाळे झाली, त्याची गणती कोण करणार!

अशा रीतीने जी चांदी सुखरूप पोहोचली तिचे मूळ रूप नष्ट झाले, आणि जी बुडाली तिचेच शिल्लक राहिले. १६५६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटलेले ‘फेरगुल्दे द्राक’ हे डच जहाज आशियातील व्यापारासाठीच रेआलच्या पेट्या नेत होते. १९६३ मध्ये ते सापडले आणि मेक्सिकोच्या टांकसाळीची हजारो नाणी वर आली. फ्लोरिडाजवळ १६२२ मध्ये बुडालेल्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’वरील २६५ माणसांपैकी पाचच वाचली. पवित्र मरियेचे नाव धारण करणाऱ्या त्या जहाजाचा मुख्य साठा १९८५ मध्ये हाती लागला, आणि तेव्हापासून त्यातील नाणी जगभरच्या संग्राहकांकडे गेली. खाऱ्या पाण्याने त्यांची कड झिजलेली असते, वजन घटलेले असते, अंगावर काळा थर चढलेला असतो. या झिजेचाच फायदा नकली नाणी ओतणारे घेतात. कडेवर साच्याची रेघ दिसली किंवा दोन नाण्यांची झीज हुबेहूब एकसारखी असली, तर नवख्याने तेथून उठावे हे बरे.

पण खरे नाणे तरी कोणाचे? १८०४ मध्ये बुडालेल्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मेर्सेदेस’ची सुमारे ५,९४,००० नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये वर काढली. अमेरिकन न्यायालयाने ती स्पेनची ठरविली आणि २०१२ मध्ये ती माद्रिदला गेली. आमच्या डोंगरातील धातू, आमच्या माणसांचे श्रम, असे पेरूचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. आम्हांस मात्र पेरूचे गाऱ्हाणे अगदीच पोकळ वाटत नाही.

हा प्रश्न हिंगोलीपासून फार दूर नाही. नांगराच्या फाळाला हंडा लागला, की आपल्याकडे तो बहुधा रात्रीतून सोनाराकडे जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. सरकारने तो ठेवून घ्यायचे ठरविले, तर त्या कायद्याप्रमाणे मिळते ती नुसत्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. नाण्यावरील राजाचे नाव, टांकसाळ, साल यांचे मोल त्या हिशेबात धरलेले नाही. सोनारही धातूचीच किंमत देतो, पण तो रोख देतो आणि जबाब घेत नाही.