‘कादंबरी’ या नांवाचा अर्थ

ग्रंथाचें नांव हें त्या ग्रंथावरील पहिलें भाष्य असतें. ग्रंथकर्त्यानें तें विचारपूर्वक ठेविलें असेल, तर त्याचा अर्थ न पाहतां पुढें जाणें वाचकाला शोभत नाहीं. मराठींत तर असा चमत्कार झाला आहे कीं, एका अद्भुतकथेचें नांव एका सबंध वाङ्मयप्रकाराला मिळालें, आणि तें इतकें अंगवळणी पडलें कीं, मूळ विशेषनामाचा अर्थ विचारण्याचें कोणाला कारणच उरलें नाहीं. ‘कादंबरी म्हणजे काय?’ असें घरांतील एखाद्या मुलानें विचारलें, तर आपणांपैकीं पुष्कळांना उत्तर शोधावें लागेल.

हें नांव मराठींत एकाएकीं रूढ झालें नाहीं. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं. पण १८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं या प्रकारावर निबंध लिहिला, तेव्हां त्याच्या मथळ्यांत ‘नावल’ हाच शब्द घातला. पुढें तीस वर्षांनीं, १९०२ सालीं, इतिहासाचार्य राजवाडे याच विषयावर लिहूं लागले, तेव्हां मथळा ‘कादंबरी’ असा आला. बंगाली व हिंदी यांनीं ‘उपन्यास’ पत्करला. गुजरातींत भालण कवीनें बाणभट्टाची कथा पूर्वींच पद्यांत आणली होती, तरी त्या भाषेनें ‘नवलकथा’ म्हटलें. मराठी व कानडी या दोन शेजारणींनीं मात्र बाणाच्या नायिकेचें नांवच उचललें. आमच्या मतें याचें कारण उघड आहे. ‘मुक्तामाला’, ‘रत्नप्रभा’, ‘मंजुघोषा’ हीं आरंभींचीं पुस्तकें पहा. अद्भुताची रेलचेल आणि वर नायिकेचें नांव! संस्कृत शिकलेल्या वाचकास त्यांत बाणाच्या कथेचें साम्य दिसावें, हें स्वाभाविक होतें.

आतां शब्दाचा अर्थ पाहूं. कोशांत ‘कादंबरी’चे अर्थ अनेक आहेत : कोकिळा, मैना, वाणी किंवा सरस्वती. पण सर्वांत प्रसिद्ध अर्थ निराळाच आहे. अमरकोशांत मद्याचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘कादंबरी’ हें एक होय. विष्णुपुराणांत कथा आहे कीं, वारुणी वृंदावनांतील कदंबाच्या ढोलींत येऊन राहिली आणि बलरामानें ती प्राशन केली. कदंबापासून झालेली ती कादंबरी. सात्त्विक वृत्तीच्या वाचकास येथें संकोच वाटेल, आणि तो सरस्वतीचा अर्थ पुढें करील. पण बाणाच्या मनांत मद्याचा अर्थ नव्हता, असें म्हणण्यास त्यानेंच जागा ठेविलेली नाहीं. कादंबरीचा पिता गंधर्वराज चित्ररथ आणि तिच्या आईचें नांव मदिरा! मदिरेची कन्या कादंबरी, हा योगायोग नव्हे.

बाण ग्रंथ अपुरा ठेवून वारला आणि तो त्याच्या पुत्रानें, भूषणभट्टानें, पुरा केला. उत्तरभागाच्या आरंभीं हा पुत्र म्हणतो कीं, कादंबरीच्या रसानें सर्व लोक मत्त होऊन त्यांना कसलेंच भान उरलेलें नाहीं, म्हणून आपलें रसहीन लेखन पुढें जोडण्यास त्याला भय वाटत नाहीं. विनयाबरोबर श्लेषहि साधला आहे. पित्याच्या ग्रंथाचें नांव घरांत कोणत्या अर्थानें घेतलें जात असे, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

पण हा केवळ शाब्दिक खेळ आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ग्रंथांत मदाचा विचार आरंभापासून चालला आहे. यौवराज्याभिषेकाच्या वेळीं मंत्री शुकनास चंद्रापीडास जो उपदेश करितो, त्यांत तो सांगतो कीं, क्षीरसागरांतून निघतांना लक्ष्मीनें आपल्या सोबत्यांचे गुण उचलले : कालकूटापासून मोह पाडण्याची शक्ति आणि मदिरेपासून मद. म्हणजे राजपुत्रापुढें दोन मद उभे आहेत. एक लक्ष्मीचा, ज्याविषयीं त्याला सावध केलें जातें. दुसरा कादंबरीचा, ज्याच्याकडे तो किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करीत, अच्छोद सरोवराच्या कांठानें, नकळत जाऊन पोहोंचतो.

येथें मूळ कथेशीं तुलना केली असतां नांवाचें मर्म उघडतें. बाणाची कथा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून घेतलेली आहे, असें विद्वान मानतात. मूळ ग्रंथ लुप्त झाला. पण अकराव्या शतकांत सोमदेवानें ‘कथासरित्सागरां’त राजा सुमनस् याची जी गोष्ट दिली आहे, तींत हीच कथा ओळखूं येते. तेथें नायिकेचें नांव मकरंदिका आहे. मकरंद म्हणजे फुलांतील मध. तिला आईबाप शाप देतात कीं, याच देहानें तूं निषादांत जाशील आणि तुला पूर्वजन्माची स्मृति राहणार नाहीं. बाणाच्या कथेंत नायिकेचें नांव मधाऐवजीं मद्याचें झालें, आणि शाप मात्र तिच्यावरून उठला. चांडालकन्येचा वेष तेथें पुंडरीकाची माता लक्ष्मी घेते. चंद्र हा चंद्रापीड होतो आणि पुढें शूद्रक. पुंडरीक हा वैशंपायन होतो आणि पुढें पोपट. दोघेहि जन्मोजन्मीं स्वतःस विसरतात. कादंबरी व महाश्वेता या दोघी मात्र एकाच जन्मांत, जागेपणीं, वाट पाहत राहतात. चंद्रापीडाचा निष्प्राण देह कादंबरीच्या स्पर्शानें अविकृत राहतो. हा भाग पुत्रानें लिहिला हें खरें. पण सखीचें दुःख न फिटेपर्यंत विवाह न करण्याचा तिचा निश्चय पित्यानेंच सांगितलेला आहे, आणि पुढील निष्ठेचें बीज त्यांतच आहे. जिच्या नांवांत मद आहे तीच शुद्धीवर आहे. बेभान आहेत ते इतर! आमच्या मतें या नांवाचा अर्थ हाच.

आम्ही हें पुसदहून लिहितों, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पूस नदी पैनगंगेस मिळते तो हा प्रदेश १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो यवतमाळास जोडला गेला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिमास उजेडांत आला. त्यांत नंदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गांतील गांव दान दिल्याचा उल्लेख आहे. याच शाखेच्या सर्वसेनानें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य रचलें. राजशेखरानें तर ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मासच लाविला आहे. आणि कनोजच्या हर्षाच्या आश्रयास राहिलेला बाण ‘हर्षचरिता’च्या आरंभीं ज्या पूर्वसूरींना वंदन करितो, त्यांत ‘सेतुबंध’कार प्रवरसेन, सातवाहनाचा गाथाकोश आणि ‘बृहत्कथा’ हीं आहेत : पहिला विदर्भाचा, दुसरीं दोन परंपरेनें प्रतिष्ठानाशीं, म्हणजे पैठणाशीं, निगडित. तेव्हां मराठीनें उत्तरेकडील एका कवीचें नांव उसनें आणलें, असें म्हणण्यापेक्षां दक्षिणेची कथा उत्तरेस जाऊन, नवें नांव धारण करून, पुन्हां माहेरीं आली, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

आपल्या कुटुंबांतून कादंबरीवाचनावर, विशेषतः मुलींच्या वाचनावर, पूर्वीं पुष्कळ आक्षेप घेतले जात. हें एक व्यसन आहे, यानें संसाराचें भान सुटतें, असें वडीलधारीं म्हणत. नकळत तीं या शब्दाचा कोशांतील अर्थच सांगत होतीं! पण कोशाच्या पुढें ग्रंथ आहे, आणि ग्रंथाचें म्हणणें याच्या पलीकडचें आहे. वाचकाला क्षणभर आपला विसर पाडणें हें कथेचें सामर्थ्य खरें. परंतु त्या विसरांतून तो दुसऱ्याच्या दुःखाविषयीं अधिक जागा होऊन परतला पाहिजे. महाश्वेतेचें दुःख पाहून कादंबरीनें स्वतःचें सुख थांबविलें. हातीं घेतलेल्या पुस्तकानें तेवढी जागृति दिली, तर तें खरी कादंबरी. नाहीं दिली, तर तें नुसतें मद्य.