नांगराची 'खबर'

आमच्या सिरसाळ्याचा शेतकरी हल्ली बांधावरूनच अळीने खाल्लेल्या सोयाबीनच्या पानाचा फोटो मोबाईलवर औषधाच्या कंपनीला धाडतो. घटकाभरात उत्तर येते. उत्तराच्या शेपटीला बाटलीचे नाव असतेच! गिऱ्हाइकाशी असे घरोब्याने बोलणे ही अगदी आजची युक्ती, असे वर्गातली मुले मला ऐकवतात. मग मी त्यांना नांगराची गोष्ट सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कुणी धजेना. लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. वाचकहो, त्या शेतकऱ्याला हसणे सोपे आहे. पण ज्याचे सारे घर एका पावसाच्या भरवशावर, त्याने अनोळखी लोखंड काळ्या आईच्या पोटात का घालावे? नांगराआधी त्याला नांगर करणाऱ्याची ओळख हवी होती.

पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल स्टेशनाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे छोटेखानी मासिक निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावी, एवढाच हेतू. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. हा गृहस्थ हाडाचा चित्रकार! नुसत्या नांगराच्या गुणवर्णनात त्यांचा जीव कसा रमावा? उद्योगी माणसांच्या हकीकती आल्या, गोष्टी आल्या, सुधारणेचे लेख आले. नावातली 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' ही भावंडेही जन्मली.

गिऱ्हाइकाचे मन दुखवू नये, हा दुकानदारीचा पहिला धडा. शंकररावांनी तोच मोडला. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांनी छापले. गाईच्या देवपणालाही हात घालणारे! बैलाच्या खांद्यावर ज्यांचा नांगर चालायचा, त्यांच्याच मासिकात हे यावे! पुष्कळ वाचक खवळले. मला मात्र वाटते, वाचक भांडू लागला तेव्हाच ते मासिक खरे त्याचे झाले. जाहिरातीशी कोण भांडतो?

परवा आमच्या शेजाऱ्याने त्या औषधाच्या कंपनीला विचारले, "तुमचे औषध दोनदा फवारले, अळी हटेना. आता काय करू?" मोबाईलवर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तराची वाट तो अजून पाहतो आहे.