सातवीच्या गणिताचं नागपूर

अमेरिकेत 2010 साली शाळांसाठी गणिताची सामाईक उद्दिष्टं ठरली. त्यात सातवीसाठी एक छोटं उदाहरण आहे. बास्केटबॉल संघाची सरासरी उंची सॉकर संघापेक्षा 10 सेंटिमीटरने जास्त आहे. हा फरक मोठा की किरकोळ? दोन्ही संघांतली मुलं आपापल्या सरासरीपासून साधारण 5 सेंटिमीटर इकडेतिकडे असतील, तर फरक या पसाऱ्याच्या दुप्पट भरतो आणि संघ ठळकपणे वेगळे दिसतात. पसारा 20 चा असता, तर त्याच 10 सेंटिमीटरना कुणी विचारलं नसतं.

सरासरी जुनीच. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त वेड्यावाकड्या खड्ड्याची मापं अनेक जागी घेऊन ती काढायला सांगितली आहे. पसारा मोजायचं प्रमाण विचलन कार्ल पिअर्सन यांनी 1890 च्या दशकात रूढ केलं. पण दोन सरासरींमधल्या फरकाला पसाऱ्यानेच भागायचं, ही युक्ती कुणाची? सहसा श्रेय मिळतं ते जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला, आणि तारीख पडते 1960 च्या दशकातली. मला ते पटत नाही. माझं बोट नागपूरकडे आहे.

1920 साली भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. तिथे प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांची गाठ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी पडली. महालनोबिस तेव्हा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत; संख्याशास्त्र हा केंब्रिजहून परतताना 'बायोमेट्रिका'चे अंक वाचून जडलेला नाद. अ‍ॅनन्डेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं पडून होती. तुम्ही बघता का, असं त्यांनी विचारलं. त्यातून 1922 साली पहिला निबंध निघाला, आणि त्याचा विषय होता पुरुषांची उंची. सातवीच्या उदाहरणातही उंचीच. हा योगायोग असेल, पण मला तो सोडवत नाही.

पुढचा पेच असा: दोन समाजगट एकमेकांपासून किती 'लांब' आहेत, हे मोजायचं कसं? पिअर्सन यांच्या पठडीत त्यासाठी एक गुणांक होता. महालनोबिसांनी त्यातली गोम दाखवली. जितकी जास्त माणसं मोजाल, तितका तो गुणांक फुगत जातो. गट तेच, अंतर तेच, फक्त मोजणाऱ्याने चिकाटी दाखवली म्हणून ते एकमेकांपासून दूर जायचे? 1930 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ही टीका छापून आली. 1936 च्या निबंधात त्यांचं अंतराचं माप पूर्ण रूपात आलं. डोक्याची रुंदी, नाकाची लांबी अशी एकमेकांत गुंतलेली अनेक मापं असली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये याची सोयही त्यात आहे. माप एकच असेल, तर मात्र हा सगळा डोलारा उतरतो आणि हाती उरतं ते सरासरींमधला फरक भागिले प्रमाण विचलन.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणारे गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने 1908 मध्येच इथे पोचले होते, असं कुणी म्हणेल. नाही पोचले. फरक खरा आहे का, हा त्यांचा प्रश्न. फरक केवढा, हा महालनोबिसांचा. सातवीच्या वर्गात विचारतात तो दुसरा.

एक सांधा मात्र नीट बसत नाही. शाळेतलं उदाहरण प्रमाण विचलन घेत नाही, सरासरी विचलन घेतं: सरासरीपासूनची साधी अंतरं, त्यांची पुन्हा सरासरी. या मापाची बाजू खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी घेतली होती, आणि नागपूरच्या अधिवेशनाच्याच वर्षी, 1920 मध्ये, रोनाल्ड फिशर यांनी गणित मांडून त्यांना खोडून काढलं. मोजमापातल्या चुका घंटेच्या आकारात विखुरलेल्या असतील, तर प्रमाण विचलनच सरस ठरतं, हे फिशर यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण वर्गमूळ न काढता भागायचं, तर बारा वर्षांच्या पोराला एडिंग्टनच जवळचे. तेव्हा सातवीचं हे गणित महालनोबिसांच्या थेट घरातलं नव्हे, चुलत घरातलं. कोहेन यांच्यापेक्षा तरी ते घर तीसेक वर्षांनी थोरलं.