वजूचें प्रकरण व यवतमाळकडील फिकहच्या पोथ्यांची परीक्षा

१. प्रस्ताव.— जुन्या काजी, खतीब किंवा मुल्ला यांच्या घरचें दप्तर पाहावयास मिळालें म्हणजे आपले संशोधक प्रथम सनदा, महजर व इनामपत्रें यांकडे वळतात. त्याच रुमालांत अरबी किंवा फारसी धर्मशास्त्राची आरंभ व शेवट नसलेली पोथी निघाली, तर ‘नमाजाचें पुस्तक’ एवढी चिठ्ठी लावून ती बाजूस ठेवण्यांत येते. ही उपेक्षा योग्य नव्हे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. नमाजापूर्वीं तोंड, हात व पाय धुण्याचा जो विधि, ज्यास वजू म्हणतात, त्याच्या प्रकरणावरूनच अशा पोथीचा संप्रदाय, पुष्कळदां ग्रंथ, आणि कधीं कधीं ती वापरणाऱ्यांची राहणीही ओळखतां येते, असें आमचें मत आहे.

२. प्रांत.— आजचा यवतमाळ जिल्हा मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यांतील मुख्यत्वें कळंब व माहूर या सरकारांत मोडत असे. बहमनी राज्य मोडल्यावर येथें इमादशाही झाली, इ. स. १५७४ त वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीनें घेतलें, १५९६ त तें अकबराकडे गेलें, १७२४ नंतर निजामुल्मुल्काचा अंमल बसला, आणि १८५३ त कारभार इंग्रजांकडे आला. या फेरफारांचा धर्मशास्त्राशीं संबंध आहे. मोगल व निजाम हे हनफी संप्रदायाचे. उलट बुऱ्हाण निजामशहानें शाह ताहिर याच्या उपदेशानें इ. स. १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला होता. म्हणजे अहमदनगरच्या अमलाच्या बावीस वर्षांपैकीं बहुतेक काळ वऱ्हाडचा दरबार शियांचा होता. पश्चिमेस कोंकणांतील मुसलमान शाफिई संप्रदायाचे. तेव्हां यवतमाळकडे सांपडलेली पोथी बहुधा हनफी असावी, हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु पोथ्या सोयरिकीनें, चाकरीनें व व्यापारानें दूर जातात, म्हणून तर्कावर न थांबतां पोथी वाचून निर्णय केला पाहिजे.

३. पहिल्या पानाची कसोटी.— कुदूरीचा मुख्तसर (कर्ता मृत इ. स. १०३७) व मर्घीनानीची हिदाया (कर्ता मृत इ. स. ११९७) हे ग्रंथ हिंदुस्थानांतील हनफी पठनाचे आधार होत. या दोहोंचा आरंभ ‘किताबुत्तहारत’ म्हणजे शुद्धिप्रकरणानें होतो. आपल्या निबंधग्रंथांत शौच, आचमन व स्नान यांचा जसा बारकाईनें विचार केलेला असतो, तसाच तो येथें आहे. मूळ आधार कुराणाच्या पांचव्या सूरेंतील सहावें वचन. त्यावरून हनफी चार फर्ज काढतात : तोंड धुणें, कोंपरांसह हात धुणें, डोक्याच्या चौथाईवर ओला हात फिरविणें, व घोट्यांसह पाय धुणें. संकल्प (नीयत) व क्रम हे त्यांच्या मतें सुन्नत होत, फर्ज नव्हेत. शाफिई मतांत हे दोन्ही फर्ज आहेत, म्हणून तेथें फर्जांची संख्या सहा होते. शिवाय डोक्याच्या अल्प भागास हात लागला तरी पुरतो. शियांच्या इस्ना अशरी शाखेंत पाय धुवावयाचे नसून त्यांवर ओला हात फिरवावयाचा असतो.

याप्रमाणें पोथीचें नांव गेलें असलें तरी तींत चार फर्ज आहेत कीं सहा, आणि पायांविषयीं ‘धुणें’ म्हटलें आहे कीं ‘पुसणें’, एवढें पाहिलें म्हणजे संप्रदाय ठरतो. आरंभ फाटून गेला असेल, तर वजू मोडण्याचीं कारणें पाहावीं. शरीरांतून रक्त वाहून निघाल्यास हनफी मतें वजू मोडतो, शाफिई मतें मोडत नाहीं. परस्त्रीचा स्पर्श झाल्यास शाफिई मतें मोडतो, हनफी मतें केवळ स्पर्शानें मोडत नाहीं. नमाजांत मोठ्यानें हंसल्यास वजूही जातो, हा निर्णय तर हनफींची विशेष खूणच होय.

४. विहिरी व पोहरे.— शुद्धिप्रकरणाचा सर्वांत सरस भाग पाण्याविषयींचा आहे, व आमच्या मतें इतिहासदृष्ट्या तोच अधिक उपयोगी. विहिरींत प्राणी मेला तर काय करावें, याचें कोष्टक हनफी ग्रंथांत ठरलेलें आहे. उंदीर किंवा चिमणी असल्यास तें काढून २० ते ३० पोहरे पाणी उपसावें. कबूतर, कोंबडी किंवा मांजर असल्यास ४० ते ६०. बकरें, कुत्रें किंवा मनुष्य असल्यास सर्व पाणी काढावें. प्राणी फुगला किंवा कुजला असल्यास लहान असला तरी सर्व पाणी काढावें लागतें. झरा न आटणारा असेल तर २०० ते ३०० पोहरे पुरेत, असें इमाम मुहम्मद यांचें मत. पोहरा कोणता, तर त्या गांवच्या विहिरींवर चालतो तो मध्यम मापाचा. वीस पोहऱ्यांचें पाणी मोठ्या पोहऱ्यानें एकदांच काढलें तरी चालतें, असेंही सांगितलें आहे. या न्यायानें वऱ्हाडांतील मोटेनें उपसलेलें पाणीही हिशेबांत धरतां येईल, असें आमचें अनुमान आहे.

पाणी एक मैलभर दूर असल्यास, आजार किंवा शत्रूचें भय असल्यास, अथवा विहीर असून दोर व पोहरा नसल्यास शुद्ध मातीनें तयम्मुम करावा, असें हेच ग्रंथ सांगतात. येथें ग्रंथोक्त ‘मील’ इंग्रजी मैलाहून थोडा निराळा आहे, हें ध्यानांत ठेवावें. काळ्या जमिनीच्या आणि उन्हाळ्यांत विहिरी तळास जाणाऱ्या या प्रांतांत असे निर्णय केवळ पाठांतरासाठीं नव्हते. पोथीच्या समासांत या स्थळीं टिपा असतील, तर त्या अवश्य वाचाव्या. गांवकऱ्यांनीं कोणता प्रश्न विचारला, याचा माग तेथें लागण्याचा संभव आहे.

५. हौदाचें माप.— सांठलेलें थोडें पाणी अशुद्धि पडतांच बिघडतें, वाहतें पाणी रंग, रुचि किंवा वास पालटेपर्यंत बिघडत नाहीं, असा नियम. गवताची काडी वाहून नेईल तें वाहतें पाणी, अशी त्याची सोपी व्याख्या आहे. हौद मोठा असेल तर तो वाहत्या पाण्यासारखा मानतात, आणि मोठा म्हणजे दहा गज लांब व दहा गज रुंद. यासच फारसींत ‘दह दर दह’ म्हणतात. खोली एवढी कीं ओंजळीनें पाणी घेतां तळ उघडा पडूं नये. गज (जिराअ) कोणी सहा मुठींचा, कोणी सात मुठींचा धरतात. मुठीची रुंदी सुमारें ३ इंच धरल्यास बाजू अनुक्रमें १५ फूट किंवा साडेसतरा फूट येते. वाटोळ्या हौदाचा परीघ फतावा-इ-आलमगिरींत ४८ गज दिला आहे. इतरत्र ३६ गजही सांपडतो. गणितानें पाहतां १०० चौरस गज क्षेत्रास साडेपस्तीस गज परीघ पुरतो, म्हणून ३६ हा आंकडा क्षेत्रावरून आलेला दिसतो. दहा गजांचा चौरस ज्यांत सबंध बसेल अशा वर्तुळाचा परीघ सुमारें साडेचव्वेचाळीस गज होतो. ४८ हा त्याहूनही सावधपणाचा आंकडा होय. शाफिई मतांत क्षेत्राऐवजीं दोन ‘कुल्ले’ म्हणजे मोठे रांजण, असें परिमाण आहे. तेव्हां त्यांच्या मशिदीचा हौद लहान असला तरी दोष नाहीं.

यावरून जुन्या मशिदीचा हौद मोजतांना काय पाहावें, तें स्पष्ट होतें. माप बाहेरच्या दगडी कठड्याचें नव्हे, तर आंतल्या पाण्याच्या कडेचें घ्यावें. आकार, खोली व पाणी येण्याजाण्याचे मार्ग नोंदावे. परंतु एकाच हौदाच्या मापावर सिद्धांत बांधूं नये. मोठा हौद शोभेसाठींही बांधला जातो. अनेक हौद किमान मापाच्या आसपास आढळले, तरच नियमाचा प्रभाव सिद्ध होईल.

६. छापील ग्रंथांची मर्यादा.— या प्रकरणाकडे दुर्लक्ष कां झालें, याचें कारण अंशतः इंग्रजी न्यायपद्धतींत आहे. हॅमिल्टननें हिदायेचें भाषांतर इ. स. १७९१ त प्रसिद्ध केलें, तें जकातीपासून सुरू होतें. शुद्धि व नमाज हीं प्रकरणें त्यानें सोडलीं. बेलीचा १८६५ चा संग्रह फतावा-इ-आलमगिरीवर आधारलेला आहे, पण त्यांतही कोर्टास लागणारे विवाह, वारसा इत्यादि विषयच आहेत. वास्तविक फतावा-इ-आलमगिरी तयार करणाऱ्या पंडितमंडळाचा प्रमुख शेख निजाम हा वऱ्हाडच्या शेजारच्या बुऱ्हाणपूरचा. आमच्या प्रांतास तो ग्रंथ परका नव्हे. पुढें १८८० च्या काजींविषयींच्या कायद्यानेंही काजीस न्यायाचा अधिकार दिला नाहीं. याप्रमाणें कोर्टास निरुपयोगी तें इतिहासासही निरुपयोगी, अशी समजूत नकळत रूढ झाली.

७. विनंति.— पोथीचीं पहिलीं पानें हाताळल्यानें आधीं झिजतात, आणि पवित्र वचन असलेलें जीर्ण पान पायदळीं येऊं नये म्हणून श्रद्धेनें जमिनींत पुरण्याची किंवा पाण्यांत सोडण्याची चाल आहे. म्हणजे ज्या पानांवरून ग्रंथ ओळखावयाचा, तींच प्रथम नाहींशीं होतात. दुसरीकडे, नळ आल्यावर हौदांचें काम उरत नाहीं व ते बुजविले जातात. म्हणून यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड, वणी इकडील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, धन्याच्या परवानगीनें व त्याच्या श्रद्धेस धक्का न लावतां अशा पोथीच्या आरंभींच्या पानांची आधीं छायाप्रत घ्यावी, मग बांधणीस हात घालावा. फर्जांची संख्या, समासांतील टिपा, शिक्के, मालकीचे लेख व अखेरची मिति यांची नोंद करावी. जवळच्या मशिदीचा हौद शाबूत असेल तर त्याचें मापही सोबत द्यावें. अशा पांचपन्नास नोंदी जमल्यावर वऱ्हाडांतील मुसलमानी विद्येचा इतिहास केवळ सनदांवरून लिहिण्याची पाळी येणार नाहीं.